शब्द पाळणारं एक माणूस: विस्कटलेल्या घरांतल्या मुलांना साथ देऊ पाहणाऱ्या नव्या मार्गदर्शकांसाठी

तुम्ही नाशिकमधल्या कुठल्याही मंडळीत जात असा, तरुण संघात असा किंवा संडे स्कूलला शिकवत असा, असं एखादं मूल तुमच्या ओळखीचं असणारच. बाप रोज रात्री पिऊन येतो. किंवा आई घर सोडून गेलीय आणि आजी चार घरची धुणीभांडी करून नातवंडं सांभाळतेय. किंवा आईबाप दोघंही घरात आहेत, पण एकमेकांना काही सांगायचं असलं की मुलाच्या तोंडून निरोप पाठवतात. सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगारांच्या खोल्यांत अशी मुलं आहेत, फुलेनगरात आहेत, देवळाली गावात आहेत. गंगापूर रोडच्या मोठ्या फ्लॅटमध्येही आहेत, तिथे दार बंद असल्याने आवाज बाहेर येत नाही इतकंच.

अशा मुलासाठी काहीतरी करावंसं वाटणारे लोक आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ आहेत. नेमकं काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं आणि काय टाळायचं, हे मात्र त्यांना कुणी बसून सांगत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या मुलांनी लहानपणापासून मोडलेले शब्द ऐकलेत. 'उद्यापासून सोडतो.' 'पगार झाला की सायकल घेतो.' 'यापुढे हात उचलणार नाही, आईची शपथ.' देव विश्वासू आहे, हे वाक्यही त्यांच्या कानात याच रांगेत जाऊन बसतं. ते खरं वाटायचं तर सांगितल्या वारी, सांगितल्या वेळेला येणारं एक तरी माणूस आधी त्यांच्या डोळ्यांसमोर असावं लागतं.

याला अभ्यासाचाही आधार आहे. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या जवळपास ७०० मुलांचा माग एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशी अनेक ओझी घेऊन वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं कर्ती, धडधाकट माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात वेगळं काय होतं, हे पाहताना आईबापांखेरीज काळजी घेणारं एखादं स्थिर मोठं माणूस पुन्हा पुन्हा पुढे आलं. आजी, शिक्षक, शेजारी, चर्चमधलं कुणी. विशीपर्यंत ज्यांचं बिनसलेलं होतं त्यांच्यातलेही बरेच जण पुढे सावरले, आणि त्यांना ज्या गोष्टींनी वळण दिलं त्यांत एखाद्या श्रद्धावंत समाजात सामील होणं हेही होतं.

आधी वर्षाचा हिशोब मांडा

मुलाला 'मी आहे ना' म्हणण्याआधी स्वतःचं कॅलेंडर काढून बसा. अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या मार्गदर्शन उपक्रमावरचा २००२ सालचा एक अभ्यास नव्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या जोड्या वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकल्या, त्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत ज्या तुटल्या, त्यांतल्या मुलांची स्वतःविषयीची किंमत आधीपेक्षाही खाली गेली. म्हणजे अर्ध्यावर सोडण्यापेक्षा सुरुवातच न केलेली बरी.

कंपनीत तीन पाळ्या आहेत? लग्न ठरतंय? बदली होणार आहे? मग आत्ता ही जबाबदारी घेऊ नका. मंडळीच्या अभ्यासिकेत शिकवा, मुलांना सहलीला न्यायला गाडी चालवा, फीसाठी पैसे द्या, ही कामंही गरजेचीच आहेत. ज्याला वर्षभर आठवड्याचा एक ठरलेला वार देता येईल त्यानेच एका मुलाचा हात धरावा. एका वेळी एकच मूल. तीन-चार मुलांचे दादा झालात की कुणाचंच काही होत नाही.

वचन देताना कमी द्या. 'कधीही फोन कर' म्हणू नका, कारण रात्री दोन वाजता तुम्ही उचलणार नाही. 'दर शनिवारी पाचला येईन' म्हणा आणि पावणेपाचला हजर राहा.

पाळकांना सांगा, कागद करा

हे काम एकट्याने, गुपचूप, 'देवाने माझ्या मनात घातलं' म्हणून सुरू करायचं नाही. पाळकसाहेबांना किंवा फादरना सांगा, मंडळीतली आणखी एक जबाबदार व्यक्ती सोबतीला घ्या. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढा आणि चर्चच्या कार्यालयात द्या. यात कमीपणा काही नाही. वाईट हेतूची माणसं मुलांच्या जवळ जायला असाच दादा-ताईंचा वेष घेतात, म्हणून चांगल्या माणसाने स्वतःहून तपासणीला उभं राहायचं.

नियम साधे ठेवा. मुलाला मुलगाच दादा, मुलीला ताईच. भेट नेहमी चारचौघांना दिसेल अशा जागी: चर्चचं आवार, मैदान, मिसळीचं दुकान. बंद खोलीत दोघंच नाही, रात्रीचं चॅटिंग नाही, मुक्काम नाही. मेसेज असेल तर त्यात दुसरी मोठी व्यक्तीही असलेला ग्रुप. प्रत्येक भेटीनंतर वहीत दोन ओळी: तारीख, कुठे भेटलो, काही चिंतेचं दिसलं का. ही वही पाळकांनी महिन्याला बघायची.

घरी जा

मुलाच्या पाठीमागे घराशी न बोलता काहीही करू नका. आईला भेटा, आजीला भेटा, आणि बाप शुद्धीत असेल तेव्हा बापालाही भेटा. सकाळी आठच्या सुमाराला गेलात तर बहुतेकदा तो शुद्धीत सापडतो. चहा दिला तर घ्या. 'तुमच्या मुलाला सुधारायला आलोय' असा सूर नको. बापाला आधीच चारचौघांत खाली मान घालावी लागते, त्यात तुम्ही त्याच्याच घरात त्याला छोटं केलंत तर त्याची किंमत रात्री मूल मोजतं. 'काका, दर शनिवारी याला घेऊन मैदानावर जात जाऊ का? सातच्या आत सोडतो,' एवढं पुरे. आणि काका दारूला पैसे मागतील तेव्हा नम्रपणे नाही म्हणायचं. पहिल्यांदाच नाही म्हटलं की पुढे सोपं जातं.

नाशिकसारख्या गावात आणखी एक गोष्ट अगदी स्पष्ट बोलायला हवी. तुमच्याकडे येणारं मूल ख्रिस्ती घरातलंच असेल असं नाही. त्याची आई नवरात्रात कालिकेच्या यात्रेला जाणारी असेल, आजी रामकुंडावर दिवा सोडणारी असेल. अशा घरी पहिल्याच दिवशी सांगा की आम्ही चर्चची माणसं आहोत, आमच्याकडे प्रार्थना होते, त्यात बसायचं की नाही हे तुम्ही आणि मुलाने ठरवायचं. लेखी परवानगी घ्या. मूल प्रार्थनेला बसलं नाही तरी शनिवार चुकणार नाही, फीची मदत थांबणार नाही, हे तोंडाने सांगा आणि वागून दाखवा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या धर्माबाबत पालकांना डावलून काही करणं चूक आहे, आणि भुकेल्याला भाकरी देताना मागे अट लावणं तर प्रभूच्याही वागण्यात कुठे नाही. त्याने बरं केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला, म्हणून उरलेल्या नऊ जणांचा रोग त्याने परत आणला नाही.

पहिले महिने: येत राहा, उपदेश नको

सुरुवातीला मूल काही बोलणार नाही. किंवा खोटं बोलेल. 'पप्पा दुबईला आहेत' म्हणेल. खोटं पकडायला जाऊ नका.

डॉन बॉस्को हे नाव नाशिककरांना शाळेमुळे ठाऊक आहे. ते स्वतः दोन वर्षांचे असताना वडील गेले होते. ८ डिसेंबर १८४१ रोजी इटलीतल्या तुरीनमध्ये एका चर्चच्या सेवकाने एका अनाथ गवंडीकाम करणाऱ्या पोराला मारून हाकलताना त्यांनी पाहिलं. त्यांनी त्याला परत बोलावलं. आईवडील आहेत का? नाहीत. वाचता येतं? नाही. लिहिता येतं? नाही. मग त्यांनी विचारलं, शीळ घालता येते का? पोरगा हसला. धर्मशिक्षण त्यानंतर सुरू झालं, आणि त्या एका पोरापासून पुढे त्यांचं सगळं काम उभं राहिलं. पहिल्या महिन्यांत तुम्ही शोधायचं ते हेच: या मुलाला काय येतं? कुणी मोटारसायकलचा आवाज ऐकून बिघाड सांगतो, कुणी ढोलकी वाजवतो, कुणी धाकट्या बहिणीची वेणी सुंदर घालतो. ते सापडलं की त्याचं तिथे कौतुक करा, तेही खरं असेल तेवढंच.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, गोल्फ क्लबच्या मैदानावर चेंडू घेऊन जा. समोरासमोर बसून 'बोल, काय त्रास आहे' विचारलं की मुलं मिटतात. शेजारी शेजारी चालताना आपणहून बोलतात.

आणि घर दाखवा. माझ्या मते हे प्रवचनांपेक्षा जास्त काम करतं. तुमच्या घरी सगळे असताना, आईबापांच्या परवानगीने, त्याला जेवायला बोलवा. त्या वेळी कुणी काही विशेष करायचं नाही. मीठ जास्त झालं तर नवरा बायकोला काय म्हणतो, मुलाच्या हातून पाणी सांडल्यावर कुणी ओरडतं का, हे तो टक लावून बघत असतो. आमच्याकडे आलेल्या एका पोराच्या हातून काचेचा ग्लास फुटला. त्याने चटकन दोन्ही हात कानांवर घेतले आणि मान खाली घातली. माझ्या आईने केरसुणी आणून काचा गोळा केल्या आणि 'पायात चप्पल घाल रे' एवढंच म्हणाली. पुढची दहा मिनिटं तो जेवलाच नाही, आईकडे बघत बसला होता. नाताळात कॅरोलच्या फेरीला घरोघर नेलंत तर एका रात्रीत अशी पंधरा-वीस घरं बघून होतात.

देवाचं वचन आणि प्रार्थना

इथे घाई सगळ्यात जास्त होते, म्हणून इथे जरा थांबतो.

आपण सहज म्हणतो, 'देव आपला पिता आहे.' ज्याचा पिता पट्ट्याने मारतो त्याला हे ऐकून काय वाटेल? एका मुलाने मला सरळ विचारलं होतं, 'दादा, तो पण पप्पांसारखाच का?' अशा वेळी सुवार्तेतलं पित्याचं रूप दाखवा, नुसता शब्द नको. लूक १५ मधला बाप पैसे उडवून आलेल्या पोराला लांबून बघतो आणि धावत जातो. त्याच्या हातात काठी नाही. २७ व्या स्तोत्रातलं 'माझ्या आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील' हे वाक्य मुलांना फार लवकर पाठ होतं. आईबाप सोडू शकतात हे पवित्र शास्त्रातच कबूल केलेलं आहे, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो.

योसेफाची गोष्ट सावकाश, काही आठवडे घेऊन सांगा. सख्ख्या भावांनी खड्ड्यात टाकलं, विकलं, खोट्या आरोपावर तुरुंगात गेला. भावांना क्षमा करायच्या आधी योसेफ किती वेळा बाजूला जाऊन रडतो, आणि ते बदललेत का हे आधी कसं पारखतो, हेही सांगा. ते आपण नेहमी गाळतो. मुलावर क्षमेची सक्ती करू नका. 'बापाला क्षमा कर, नाहीतर देव तुला करणार नाही' असं चौदा वर्षांच्या पोराला म्हणणं क्रूरपणा आहे. मार चालू आहे तोवर आधी मार थांबवायचा असतो.

'आईबापांचा मान राख' ही आज्ञा सांगणाऱ्याने त्याच दमात इफिसकरांस पत्रातलं ६:४ वाचावं. तिथे बापांना सांगितलंय की मुलांना चिडीस आणू नका.

राग आला तर प्रार्थनेत राग येऊ द्या. स्तोत्रांमध्ये 'किती दिवस, परमेश्वरा?' असं भांडण पानोपानी आहे. ज्या मुलाला घरात हूं की चूं करता येत नाही, त्याला देवासमोर मोठ्याने बोलता येतं हे कळणं हाच मोठा बदल असतो. तुमची प्रार्थना छोटी ठेवा, मुलाच्या घरातली गुपितं 'प्रार्थनेचा विषय' म्हणून मंडळीत मांडू नका.

मग त्याला काम द्या. खुर्च्या लावणं, साउंड सिस्टीम, गायनपथकात ढोलकी. 'याच्याशिवाय आज सुरू होणार नाही' असं एक काम. मंडळी आपली आहे असं मुलाला वाटायला यासारखा दुसरा उपाय मी पाहिलेला नाही.

आणि उपचाराच्या जागी प्रार्थना ठेवू नका. मूल झोपत नाही, स्वतःला ब्लेडने कापतं, मरण्याचं बोलतं, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. चालू गोळ्या 'विश्वासाने' बंद करायला सांगणं पाप आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग मारणारा कुठल्याही देवाचं नाव घेवो.

दाखला, फॉर्म, धंदा

मन सावरलं आणि हाताला काही नसलं तर पोरगा पुन्हा नाक्यावर उभा राहतो. २०२३ साली नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात एमडी हा अमली पदार्थ बनवणारा कारखाना सापडला, तेव्हा नाक्यावर काय विकायला येतं हे वेगळं सांगायला नको.

शाळा सुटलेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. अर्ज ऑनलाइन असतो, मुदत साधारण पावसाळ्यात येते, दिवाळीनंतर जाग येऊन उपयोग नाही. अडतं कुठे, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. फी थकलेली म्हणून दाखला शाळेतच पडून असतो, आणि मुलगा एकटा गेला तर शिपाईच दारातून परत पाठवतो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून सोबत जा. कार्यालयात आवाज चढवू नका, बाकावर बसून राहा. दाखला बहुतेकदा त्याच दिवशी मिळतो. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का ते तिथेच बघा.

सातपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये वेल्डरसारख्या काही ट्रेडना दहावी नापास मुलालाही संधी असते. वेल्डर एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. पुढे शिकायचं असेल तर १९८९ पासूनचं मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे. एक पालक गेलेला असेल, किंवा गंभीर आजारी वा तुरुंगात असेल, तर सरकारच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा आणि अर्ज आईच्याच हाताने भरून घ्या.

या कामाला नाशिकात जुनी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना आसरा दिला. तिथे त्यांना देवाच्या वचनाबरोबर सुतारकाम आणि लोहारकामही शिकवलं जाई. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरीच्या मोहिमेत गेला आणि १८७४ मध्ये त्याच्या शवाबरोबर इंग्लंडला पोहोचला. घर, गाव, भाषा सगळं हिरावलेली ती मुलं होती.

मार, अत्याचार, पळून येणं

इथे 'घरातलं प्रकरण आहे, पाळक समजावतील' हे चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. आरोपी मंडळीचा पंच असला तरी हेच.

मुलाला आधीच सांगून ठेवा: 'तू सांगशील ते मी कुणाला सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर सांगेन, आणि तुला सांगून सांगेन.' कुठलंही गुपित राखण्याची शपथ घेऊ नका. मूल सांगू लागलं की ऐका, खोदून विचारू नका, त्याचेच शब्द त्याच दिवशी वहीत लिहा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालू असते, तातडीला ११२, आईला मार असेल तर १८१.

रात्री मूल पळून तुमच्या दारात आलं तर पाणी द्या, जेवू घाला, पाळकांना बोलावून घ्या आणि १०९८ ला फोन करा. लपवून ठेवू नका. बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे अशा मुलाला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी परस्पर घरात ठेवून घेतलं की तुम्हीच अडचणीत येता आणि मुलाचा आधार तुटतो.

बापाच्या दारूसाठी मुलाला जबाबदार धरू नका, 'तू चांगला वागलास तर पप्पा सोडतील' असं चुकूनही म्हणू नका. बापाला एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) सभेची, आईला अल-अनॉनची माहिती द्या. अल-अनॉन व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी आहे आणि फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

तो घसरला तर

घसरेल. चर्चच्या पेटीतले पैसे जातील, गुटखा सापडेल, दोन महिने येणार नाही. मार्काची गोष्ट इथे स्वतःसाठी वाचा. तो तरुण पौलाची मोहीम अर्ध्यावर टाकून घरी पळाला. पुढच्या वेळी पौलाने त्याला न्यायला साफ नकार दिला, तेव्हा पौलाचा सोबती बर्णबा याने पौलाशी भांडून मार्काला सोबत घेतलं. कित्येक वर्षांनी म्हातारा पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधली वर्षं बर्णबाची आहेत. त्या वर्षांविषयी शास्त्रात जवळपास काही लिहिलेलं नाही.

चोरी झाली तर चोरीची भरपाई करायला लावा, रक्कम थोडी थोडी कामातून फेडू द्या. शनिवार मात्र बंद करू नका.

साक्ष आणि फोटो

मूल सावरलं की आपल्याला हुरूप येतो. तरुणांच्या मेळाव्यात त्याला व्यासपीठावर उभं करून 'माझा बाप दारुडा होता' अशी साक्ष द्यायला लावतात. करू नका. बाप याच गावात राहतो, आई सोमवारी त्याच रेशनच्या रांगेत उभी राहते. मदत देतानाचे फोटो स्टेटसला, देणगीदारांच्या पत्रकात, कुठेही नकोत. अत्याचाराच्या प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे. साक्ष द्यायची की नाही हे त्याने मोठं झाल्यावर, स्वतः ठरवावं.

तो गावाबाहेर गेला की

अठरा पूर्ण झाल्यावर चाकणला नोकरी लागते, पोरगा जातो. पहिले सहा महिने सगळ्यात नाजूक. जाण्याआधी तिथल्या एखाद्या मंडळीच्या पाळकांशी बोलून ठेवा, जमलं तर पहिल्या रविवारी सोबत जा आणि दोघांची गाठ घालून द्या. आठवड्याचा वार तोच ठेवा, भेटीऐवजी फोन. पहिल्या पगाराच्या आठवड्यात नुसतं 'कसा आहेस' विचारू नका: खोलीत कोण कोण आहे, बँकेत खातं उघडलं का, आईला किती पाठवले, जेवतोस कुठे, हे विचारा.

नवं मूल लगेच घेऊ नका. महिना-दोन महिने थांबा, पाळकांसोबत बसून वही पहिल्या पानापासून वाचा, आणि पुढच्या मुलासाठी कुठला वार, कुठली वेळ, हे तेव्हाच ठरवा.